पातळ तार

"हं, वाजव आता," असं म्हणून यज्ञेशने लेकीकडे पाठ केली आणि भिंतीकडे तोंड करून तो स्टुलावर बसला.

ही त्याची जुनी रीत होती. गिटार कुणाचीही असो, दुरुस्ती झाली की ती गिऱ्हाइकाच्याच हातात द्यायची, आपण पाठमोरं बसायचं आणि सहाही तारा एकेक करून दोनदा ऐकायच्या. त्याचे वडील, अण्णा सप्रे, काशीत ब्रह्माघाटाच्या गल्लीत मुलांना वेद शिकवायचे. तेसुद्धा संथा देताना असेच खिडकीकडे तोंड करून बसत. मुलगा डोकं खाजवतोय की पेंगतोय याच्याशी त्यांना कर्तव्य नसे. एखादा स्वर वर-खाली झाला की पाठमोरेच म्हणत, "पुन्हा." यज्ञेशने त्यांच्याकडून वेद काही घेतला नाही. तो लग्नाच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायला पळाला आणि अण्णांनी त्याच्याशी बोलणं टाकलं ते टाकलंच. पण त्यांचा कान आणि ही पाठ करून बसायची सवय त्याने उचलली होती. पुढे ऑर्केस्ट्रा बंद पडला तेव्हा त्या कानावरच त्याचं घर चाललं.

ईशानीने जाड तारेपासून सुरुवात केली. प्रत्येक तार दोनदा छेडत ती शेवटच्या पातळ तारेवर आली. तिथे ती जरा थांबली.

"शेवटची पुन्हा," यज्ञेश म्हणाला.

तिने पुन्हा वाजवली.

"एकदम पक्कं. एका दमात बसलं बघ." तो वळला तेव्हा त्याचा चेहरा फुलला होता. "कसं वाटतंय?"

ईशानी गिटारकडे बघत होती. "मस्त आहे बाबा," ती म्हणाली. आवाज जरा घोगरा झाला होता तिचा. पोरीला भरून आलंय, असं यज्ञेशला वाटलं, आणि त्याला स्वतःलाही भरून आलं.

तसं कारणही होतं. इलेक्ट्रिक गिटारचा सगळा जीव त्या पिकअपमध्ये असतो. केसाहून बारीक तांब्याच्या तारेचं वेटोळं, आणि त्यात प्रत्येक तारेखाली एक असे सहा लोखंडी पोल. तार थरथरली की खालचा पोल ती थरथर टिपतो आणि अँपकडे धाडतो. यज्ञेशने आज ईशानीच्या नव्या गिटारमधलं कंपनीचं पिकअप काढून तिथे स्वतःच्या जुन्या लाल गिटारचं बसवलं होतं. ऑर्केस्ट्राच्या दिवसांत त्याने ते स्वतःच्या हातांनी गुंडाळलं होतं. पार गाझीपूरपासून मिर्झापूरपर्यंत कितीतरी वराती त्या पिकअपने नाचवल्या होत्या. ईशानीला पुण्याला एका संगीतशाळेत गिटार शिकवायची नोकरी लागली होती. पाडवा झाला की ती जाणार होती. बापाने लेकीला द्यावं असं त्याच्याकडे दुसरं होतं काय?

"माझा आवाज तुझ्याबरोबर असेल तिकडे," तो म्हणाला. मग स्वतःच्याच बोलण्याची लाज वाटून त्याने पंख्याचा वेग वाढवला.

लाल गिटार भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेली होती. पिकअप काढल्यावर तिच्या पोटात आयताकृती भोक तेवढं राहिलं होतं.

हल्ली वर्षभर यज्ञेशची एकच तक्रार होती. बाजारात चांगल्या तारा येत नाहीत. गोदौलियाच्या दुकानदाराशी त्यावरून त्याचं दोनदा वाजलं होतं. जाड तारा ठीक असायच्या, पण पातळ तार म्हणजे अगदीच फुसकी, तिच्यात पूर्वीची धार नाही, माल सगळा नकली झालाय. दुकानदाराने वैतागून त्याला वेगवेगळ्या कंपन्यांच्या तारा देऊन पाहिल्या. सगळ्याच फुसक्या निघाल्या. जगच बिघडत चाललंय असं म्हणायची एक गोडी असते, ती यज्ञेशला वयाच्या मानाने जरा लवकरच लागली होती.

होळीच्या सुमारास विश्वजीत नावाचा विद्यापीठातल्या एका बँडचा गिटारवाला पोरगा दुरुस्त करून नेलेली गिटार परत घेऊन आला होता. "चाचा, पतला वाला तार कुछ दब रहा है," तो म्हणाला. यज्ञेशने पाठ केली, ऐकलं, आणि वळून म्हणाला, "तार बदलो बेटा. गिटार में कोई खराबी नहीं." पोरगा जरा वेळ उभा राहिला, चाचांच्या पाया पडला आणि निघून गेला. पुन्हा काही आला नाही.

घरातही अशा बारीकसारीक गोष्टी होत होत्या. मोबाइल वाजून वाजून थांबायचा आणि मृणालिनी आतून येऊन म्हणायची, "अहो, फोन!" ती शाळेत शिकवायची, त्यामुळे तिचा आवाज मुळातच खणखणीत होता. अलीकडे तो आणखी चढला होता, पण बायकोचा आवाज चढण्यात यज्ञेशला काही नवल वाटलं नाही. खिडकीतल्या चिमण्या गेल्या, असं तो एकदा म्हणाला होता. मृणालिनी त्याच्याकडे बघत राहिली. चिमण्या तेव्हा खिडकीतच होत्या.

पाडव्याला मराठी मंडळाच्या हॉलमध्ये कार्यक्रम होता. सकाळी गुढी, संध्याकाळी मुलांचे नाच, नाट्यगीतं, आणि शेवटी ईशानीचं गिटारवादन. काशीतली जी काही मराठी घरं उरली होती त्यांतली निम्मीअधिक माणसं आली होती. मंडळाच्या अध्यक्षा प्रभावतीबाई माइकवर म्हणाल्या, "आपली ईशानी आता पुण्याला चालली आहे, पण ती आपल्याला विसरणार नाही, ये तो पक्का है." लोक हसले. यज्ञेश पहिल्या रांगेत बसला होता, कडक इस्त्रीचा झब्बा घालून.

ईशानीने वाजवायला सुरुवात केली आणि यज्ञेश खूश झाला. मग सवयीने त्याची नजर तिच्या उजव्या हाताकडे गेली. त्यानेच घडवलेला हात होता तो. मनगट सैल, बोटं तारांच्या अगदी जवळ, कुठे उगाच झटका नाही.

पण आज झटका होता. पातळ तारेवर आली की ईशानीचा हात वर उचलला जात होता आणि जोराने खाली येत होता. बाकीच्या पाच तारांवर तोच हात मऊ होता. शेवटच्या तारेवर मात्र तो जणू दार ठोठावत होता. यज्ञेशला आधी राग आला. इतकी वर्षं शिकवलं आणि भर सभेत ही घाण सवय? मग त्याच्या लक्षात आलं की काही ठिकाणी ईशानी ती तार टाळतेच आहे. जो सूर पातळ तारेवर सहज मिळाला असता तो ती शेजारच्या तारेवर, लांब वर जाऊन घेत होती. तिच्या डाव्या हाताची केवढी ओढाताण होत होती.

ही सवय नव्हती. लंगडी खुर्ची असली की माणूस कडेने बसतो, तसं काहीतरी चाललं होतं.

टाळ्या झाल्या. शेजारचे कुणीतरी यज्ञेशच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "क्या बात है, सप्रेजी!" त्याने हात जोडले. रात्री त्याने श्रीखंड-पुरी पानात तशीच ठेवली. उन्हाने असेल, असं तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ईशानी आईबरोबर पंचगंगा घाटावर गेली होती, जाण्याआधी बिंदुमाधवाचं दर्शन घ्यायला. यज्ञेशने तिची गिटार खोलीतून आणली, खिडकीच्या उजेडात टेबलावर आडवी ठेवली आणि सरळ वरून खाली पाहिलं.

पाहायला एक क्षण पुरला. मधल्या चार तारा थोड्याफार आपापल्या पोलवर होत्या. कडेच्या दोन नव्हत्या. जाड तार पोलच्या बाहेरच्या काठावरून जात होती, पण ती मुळातच दांडगी, तिचं भागत होतं. पातळ तार मात्र पोल सोडून पार बाहेर, नुसत्या प्लॅस्टिकवरून चालली होती. तिच्याखाली काहीच नव्हतं.

कसं झालं हे समजायला त्याला विचारसुद्धा करावा लागला नाही. त्याच्या लाल गिटारचा ब्रिज, म्हणजे तारा जिथे येऊन संपतात ती पट्टी, जुन्या पद्धतीचा, पक्का बसवलेला. त्यावर तारा जवळजवळ असतात. ईशानीच्या गिटारचा ब्रिज हलता, दांडी दाबून सूर डोलवायचा. त्यावर तारा जरा पसरलेल्या असतात. फरक दोन-तीन मिलिमीटरचा, पण पिकअपला तेवढा पुष्कळ. या धंद्यात पडल्यावर पहिल्याच वर्षी त्याला हे कळलेलं होतं. पिकअप गुंडाळायचे त्याच्याकडे दोन साचे होते, एक अरुंद, एक रुंद. पण ब्रिज बघून साचा निवडायची, पट्टी लावून मोजायची त्याला कधी गरजच पडली नाही. हाताला येईल ते बसवायचं, पाठ करायची आणि ऐकायचं. कडेची तार दबली की कान लगेच सांगायचा, आणि तो पाठमोराच म्हणायचा, "दुसरं बसवतो." त्याचा कान हीच त्याची फूटपट्टी होती. त्याचा केवढा तोरा होता त्याला!

या वेळी कान म्हणाला होता, पक्कं बसलं.

यज्ञेशने अँप लावला आणि पातळ तार छेडली. त्याला ती बारीक ऐकू आली. पण वर्षभर सगळ्याच पातळ तारा त्याला अशाच ऐकू येत होत्या. तारा नकली नव्हत्या. दुकानदार खरं बोलत होता. विश्वजीतही. तो टेबलाशी उभा राहिला आणि त्याला भीती वाटली, लहानपणी घाटाच्या पायरीवरून पाय सुटल्यावर वाटली होती तशी.

मृणालिनी परत आली तेव्हा तो स्वयंपाकघराच्या दारात उभा होता.

"ईशानी कुठे?"

"खाली पेढे घेतेय. शेजारी द्यायला. का हो?"

"तुला माहीत होतं?"

कशाबद्दल, असं तिने विचारलं नाही. हातातली पूजेची परडी ओट्यावर ठेवली. "घरात सगळ्यांना माहीत आहे," ती म्हणाली. आज तिने आवाज चढवला नव्हता, म्हणून त्याला तिच्या ओठांकडे बघावं लागलं. "किती वेळा म्हटलं डॉक्टरकडे चला. तुम्ही म्हणायचात, माझ्या कानाला काय धाड भरलीय."

"आणि ईशानीला?"

"तिला तर माझ्याही आधी कळलं होतं. त्या दिवशी पिकअप बसवलंत ना, रात्री माझ्यापाशी रडली. म्हणाली, बाबांना मी कसं सांगू? त्यांनी इतक्या हौसेने दिलंय." मृणालिनीने पदराने डोळे टिपले. "आणि ती जायचं नाही म्हणतेय. त्या शाळेला कळवते म्हणाली. बाबांचं काम कोण ऐकणार म्हणते, मी बसेन त्यांच्याजवळ. मी काल कसंबसं थांबवलंय तिला."

यज्ञेश परत खोलीत आला. त्याला अण्णा आठवत होते. शेवटच्या दिवसांत अण्णांना काहीच ऐकू येत नव्हतं, पण संथा द्यायचं त्यांनी सोडलं नव्हतं. मुलं काहीही म्हणायची, स्वर गिळायची, ओळी खायची. अण्णा खिडकीकडे तोंड करून प्रत्येकाला म्हणायचे, "बरोबर." गल्लीतून जाताना यज्ञेशने ते ऐकलं होतं. मुलं तोंडावर हात धरून हसत होती. दोनच मुलं जीव तोडून नीट म्हणत होती, आणि त्यांच्यामुळे यज्ञेशला जास्त वाईट वाटलं होतं. आत जाऊन सांगावं असं त्याच्या फार मनात आलं. पण बोलणं नव्हतं.

आपण त्याच खिडकीशी येऊन बसलोय, आणि जीव तोडून वाजवणारी आपलीच पोर आहे, हे त्याला कळलं. ती राहिली असती तर रोज बसली असती. त्याच्यासाठी ऐकलं असतं, खोटं कौतुक केलं असतं, आणि इथेच म्हातारी झाली असती. ते त्याला नको होतं. बहिरेपणाचं दुःख होतंच, पण याची त्याला जास्त धास्ती वाटली.

त्याने कपाटातून ईशानीच्या शाळेच्या दिवसांतली स्टीलची पट्टी शोधून काढली. कंपनीचं पिकअप डब्यात तसंच होतं. त्याचे पोल मोजले, ब्रिजवरच्या तारा मोजल्या. जमत होतं. मग त्याने तारा सोडल्या, वायरींचे डाख वितळवले आणि स्वतःचं पिकअप बाहेर काढलं. ते तळहातावर घेऊन तो थोडा वेळ बसला. मग कंपनीचं जागेवर बसवलं, तारा चढवल्या, आणि वरून पाहिलं. सहाही तारा सहा पोलवर होत्या.

दारात ईशानी उभी होती. पेढ्यांचा पुडा अजून तिच्या हातात होता. टेबलावर बाहेर पडलेलं पिकअप तिने पाहिलं आणि ती जागीच खिळली.

"बाबा, ते कशाला काढलंत? छान होतं की ते. मतलब... मला तेच पाहिजे होतं."

"ये, बस," यज्ञेश म्हणाला. "वाजव."

तिने गिटार मांडीवर घेतली. तो पाठ करून बसेल म्हणून थांबली. पण यज्ञेश स्टूल ओढून तिच्या समोर बसला, तोंडासमोर तोंड. जन्मात पहिल्यांदाच तो असा बसला होता.

ती एकेक तार दोनदा वाजवत गेली. तो तिच्या हाताकडे बघत होता. पातळ तारेवर आली तेव्हा हात उचलला गेला नाही. मनगट सैल राहिलं, बोट नुसतं फिरलं. ते बघून त्याला इतकं बरं वाटलं की त्याचे डोळे भरून आले.

वाजवून झाल्यावर ती त्याच्या 'पक्कं'ची वाट बघत राहिली.

"तू सांग," यज्ञेश म्हणाला.

ईशानीचा चेहरा वेडावाकडा झाला. "बाबा..."

"मला कळत नाही बेटा. पातळ तार मला कळत नाही आता. तू सांग, कशी आहे?"

तिने पातळ तार पुन्हा एकदा छेडली. मग ती म्हणाली, "बरोबर आहे बाबा. साफ आहे एकदम."

"झालं तर मग."

"मी नाही जाणार," ती एका दमात म्हणाली. "मला कुठे नाही जायचं. तुम्ही बसवत जा, मी ऐकत जाईन. आपण दोघं मिळून करू ना. इथेही शिकवण्या मिळतात. परेशान नका होऊ तुम्ही."

"आणि मी 'बरोबर, बरोबर' म्हणत बसू? तुझ्या आजोबांसारखा?" त्याचा आवाज चढला, मग त्याने तो खाली आणला. "गिटारचं काम मी बंद करतोय. आजपासून. माझे हात चांगले आहेत, त्यांना करायला काहीतरी मिळेल. तू माझा कान होऊन राहिलीस तर मला ते सोसायचं नाही. तू गेलीस तर मी म्हणेन, माझ्या हातून एक तरी गिटार धड गेली."

ईशानी रडत होती. यज्ञेशने पुड्यातला पेढा काढून तिच्या तोंडात घातला, दुसरा स्वतः खाल्ला. खिडकीत चिमण्या होत्या. त्याने पाहिल्या.

ती गेली. स्टेशनवर तिने डब्याच्या दारातून काहीतरी सांगितलं, ते गाडीच्या आवाजात त्याला कळलं नाही. मृणालिनीला तरी कुठे कळलं होतं? पण त्याने तिला विचारलं नाही, आणि जोरजोराने मान हलवली.

दारावरच्या पाटीवर 'गिटार' असं लिहिलं होतं ते त्याने स्वतः रंगवून पुसलं आणि तिथे 'पंखा व मोटर वायंडिंग' असं लिहिलं. पिकअपपेक्षा ही तार जाड आणि काम सोपं. गल्लीत उन्हाळा तापला होता, त्यामुळे पंख्यांना तोटा नव्हता. जुनं पिकअप त्याने लाल गिटारच्या भोकात परत बसवलं. तारा मात्र चढवल्या नाहीत.

एके दुपारी त्याने प्रभावतीबाईंच्या घरचा पंखा गुंडाळून पुरा केला, छताच्या हुकाला टांगला आणि बटण दाबलं. पंखा गरगरू लागला. मृणालिनी आतून डोकावली आणि तिने काहीतरी विचारलं, आवाज करतोय का, असं बहुधा.

यज्ञेश पंख्याखाली उभा राहिला आणि त्याने दोन्ही तळहात वर धरले. बोटांना वारा लागत होता.

"चालतोय," तो म्हणाला.